पंचांग आणि पुळण



सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचें जीवन कृष्णेच्या पाण्यावर पोसलेलें आहे. परंतु ही आपली कृष्णा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून वाहते. महाबळेश्वरास जेथें तिचा उगम होतो, तेथून हा समुद्र अवघा ६४ किलोमीटरांच्या सुमारास आहे. पण मध्यें सह्याद्रीचा कडा उभा असल्यामुळें ती पूर्वेस वळते आणि सुमारें १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. नदीप्रमाणेंच आपणां घाटावरच्या मंडळींचीही समुद्राशीं ओळख दूरचीच राहिली आहे. माहुलीच्या संगमावर किंवा सांगलीच्या घाटावर आपण पोहावयास शिकतों, आणि तेवढ्या शिदोरीवर सुटींत मुलाबाळांसह कोंकणांत उतरतों. नदीचें पाणी एकाच दिशेनें वाहतें; समुद्राचें पाणी अहोरात्रांत दोनदां पुढें येतें आणि दोनदां मागें सरतें. हा भेद ज्यानें ध्यानांत घेतला, त्याला पुळणीचें सौंदर्य अधिक दिसतें आणि तेथून सुखरूप परतणेंही त्याच्या हातीं राहतें.

प्रथम कोठें जावें तें पाहूं. सातारा-कऱ्हाडकडून निघणारांस पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तेथून गुहागर, हा मार्ग सोयीचा आहे. गुहागरची पुळण लांबच लांब आणि सरळ असून तिच्या पाठीशीं सुरूचीं बनें आहेत. सांगली-मिरजेकडील मंडळींस कोल्हापूरवरून आंबा घाटानें रत्नागिरी व गणपतीपुळें गांठतां येतें; किंवा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गें मालवणास जातां येतें. हिंवाळ्याचे महिने सर्वांत उत्तम. तेव्हां आभाळ निरभ्र असतें, ऊन सोसवतें आणि पाणी बरेंच निवळलेलें असतें. पावसाळ्यांत मात्र समुद्र दुरूनच पाहावा.

ज्यांना बेट पाहण्याची हौस असेल त्यांनीं मालवणच गांठावें. गांवासमोर समुद्रांत कुरटे नांवाचें खडकाळ बेट आहे. त्यावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला. क्षेत्र सुमारें ४८ एकर, तट सुमारें तीन किलोमीटरांचा आणि तोही नागमोडी; अगदीं जवळ गेल्याखेरीज दरवाजा कोठें आहे हें कळत नाहीं. आंत राजाराम महाराजांच्या काळांतील शिवराजेश्वराचें मंदिर आहे. चोहोंकडे खारें पाणी असतां दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचें पाणी मात्र गोडें आहे. खडकांत मुरलेलें पावसाचें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें अशा बेटांच्या पोटांत तें वरच्या थरांत टिकून राहूं शकतें. किल्ल्यास मालवण बंदरावरून होडीनें जावें लागतें. पावसाळ्यांत ही वाहतूक बंद असते. मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली, आणि तिच्या पुढें देवबाग लागतें. देवबाग म्हणजे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामधील वाळूची अरुंद पट्टी होय.

वाळूही सर्वत्र सारखी नसते. रत्नागिरीस किल्ल्याच्या दक्षिणेस मांडवीची पुळण काळसर आहे, तर उत्तरेस मिऱ्याच्या बाजूचा किनारा ‘पांढरा समुद्र’ या नांवानें ओळखला जातो. काळ्या वाळूंत इल्मेनाइट नांवाचें लोह आणि टिटॅनियम यांचें खनिज असतें. तें जड असल्यामुळें लाटा हलके कण वाहून नेतात आणि हें मागें उरतें. पांढऱ्या वाळूंत शिंपल्यांचा चुरा असतो. मुलांकडून दोन्ही वाळू चिमूटभर आणवून कागदाखालीं लोहचुंबक फिरवावें. भूगोलाचा एक पाठ तेथेंच होऊन जाईल.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. भरती-ओहोटीस मुख्य कारण चंद्राचें आकर्षण. सूर्याचेंही आकर्षण आहे, पण तें निम्म्याहून कमी. पौर्णिमेस व अमावास्येस दोघे एका रेषेंत येतात. म्हणून त्या सुमारास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांचा जोर कमी करतात. म्हणून पाणी थोडेंच चढतें व थोडेंच उतरतें. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें, म्हणजे दोन घटिकांहून किंचित् अधिक, उशिरां उगवतो. भरतीही रोज तितकीच पुढें सरते.

यावरून कोंकणांत एक सोपा हिशेब चालत आला आहे. आजची तिथी घ्यावी आणि तिची पाउणकी करावी; जो अंक येईल, तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. चतुर्थीस चारांची पाउणकी तीन. म्हणून दुपारीं आणि पहांटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां, आणि पौर्णिमा-अमावास्येस पंधरा धरून सव्वाअकरा वाजतां. वद्य पक्षांत पुन्हां एकापासून मोजावें. भरतीनंतर सव्वासहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. गांवागणिक यांत अर्ध्याअधिक तासाचा फरक पडतो. म्हणून हा हिशेब घरून करून जावा आणि तेथील कोळी बांधवांस विचारून पक्का करावा. आमच्या पिढीनें शाळेंत घोकलेली पाउणकी मुलांना निरुपयोगी वाटते; ती येथें प्रत्यक्ष उपयोगीं पडलेली त्यांना अवश्य दाखवावी.

पाणी सर्व वेळ सारख्या गतीनें चढत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. एकूण चढ बारा हात मानला, तर पहिल्या तासांत एक हात, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चौथ्यांत तीन-तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक, असा अजमासें क्रम असतो. पहिला तास पाणी जागचें हालत नाहींसें वाटतें. पुढें पाहतां पाहतां तें खडकाभोंवतीं वेढा घालतें. खडकावर बसून छायाचित्रें घेणारांची फसगत होते ती येथेंच.

हा हिशेब कळला म्हणजे सहलीचा बेतही नीट आंखतां येतो. पौर्णिमेस व अमावास्येस सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळीं पुळण अतिशय रुंद, आणि ओल्या वाळूंत सारें आभाळ उतरलेलें. पौर्णिमेस तर इकडे सूर्य मावळतो आणि पाठीमागें माडांवर चंद्र उगवतो. उलट अष्टमीस सूर्यास्ताच्या वेळीं भरती असते आणि फिरावयास जागा थोडी उरते. गणपतीपुळ्यास संकष्टीला मोठी गर्दी असते. दर्शन आणि भोजन आटोपून मंडळी दुपारीं तीनच्या सुमारास पाण्याकडे वळतात. नेमकी तीच भरतीची वेळ! तेव्हां लाटा पुळणीच्या वरच्या, अधिक उतरत्या भागावर फुटतात आणि चार पावलांत पाणी कमरेच्या वर जातें. त्या दिवशीं पाण्याकांठीं फिरावयाचें असेल तर सकाळीं नऊच्या सुमारास जावें.

तथापि खरा धोका भरतीपेक्षां परतीच्या ओढीचा आहे. लाटांनीं किनाऱ्यावर लोटलेलें पाणी कोठून तरी परत जावयास हवें. तें एखाद्या अरुंद वाटेनें जोरानें आंत जातें. त्या वाटेवर पाणी खोल असल्यामुळें लाटा फुटत नाहींत, फेस दिसत नाहीं आणि तेवढा भाग शांत भासतो. नदीची संवय असलेला माणूस संथ पाणी पाहून तेथेंच उतरतो! दोन्ही बाजूंस लाटा फुटत आहेत आणि मध्येंच गडद, स्तब्ध पट्टा आहे, असें दिसलें तर तेथें पाऊल टाकूं नये. ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजूं नये. पट्टीचा पोहणाराही थकतो. अंग सैल सोडून तरंगावें, हात वर करून हांक मारावी आणि येत असेल तर किनाऱ्यास समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावें. मग लाटाच माणसाला कांठाकडे आणतात. कांठावरच्यांनीं मागोमाग उडी घेऊं नये. दोर, रिकामा डबा, तरंगेल तें फेंकावें आणि जीवरक्षकास किंवा कोळ्यांस बोलवावें. खाडीच्या मुखापाशीं तर ओहोटी लागल्यावर मुळींच उतरूं नये.

शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींस माझी एक विनंती आहे. घाट उतरून गाडी थांबतांच मुलें थेट पाण्याकडे धांवतात. त्यांना आधीं पंधरा मिनिटें वाळूंत बसवून समुद्राचें नुसतें निरीक्षण करावयास सांगावें. पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे, लाटा कोठें फुटतात आणि कोठें फुटत नाहींत, हें त्यांच्याकडूनच वदवून घ्यावें. मग जोडीजोडीनें, गुडघाभर पाण्यापर्यंतच जाऊं द्यावें, आणि दर अर्ध्या तासानें डोकीं मोजावींत. सहलीच्या वहींत खर्चाच्या अंदाजावर त्या दिवसाची तिथी, भरतीची वेळ आणि ओहोटीची वेळ एवढ्या तीन नोंदी निघण्यापूर्वींच लिहून ठेवाव्यात.