पुणे शून्यावर, लोणावळा सोळावर

पुणे-लोणावळा लोकलची सतरा स्टेशनं रोजच्या प्रवाशाला तोंडपाठ असतात. तीच ओळीनं पायथन या संगणकभाषेत टाकली की झाली लिस्ट! क्रम पक्का, पण मधे नाव घुसवा, गाळा, बदला. लिस्टची हरकत नसते.

मोजणी मात्र शून्यापासून. पुणे ०, शिवाजीनगर १, तळेगाव ११, लोणावळा १६. शेवटून मोजायचं तर लोणावळा उणे १, मळवली उणे २.

आता ११ ते १६ असा तुकडा मागा. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली... आणि लोणावळा गायब! शेवटचा आकडा तुकड्यात धरतच नाहीत. विचित्र वाटतं, पण १६ वजा ११ म्हणजे ५, आणि स्टेशनंही बरोब्बर पाच. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये याच हिशेबानं शून्याची वकिली केली. १९९१ मध्ये पायथन आणणारे गिडो व्हान रॉसमही डचच. आर आणि लुआ या भाषा मात्र सरळ १ पासून मोजतात.

१७ नंबरचं स्टेशन मागितलंत तर खंडाळा येत नाही, एरर येते. पण ११ ते ९९ असा तुकडा मागा, पायथन निमूटपणे लोणावळ्यापर्यंतची नावं देतं.

लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे गड जागचे हलायचे नाहीत, त्यांना ठेवा ट्यूपलमध्ये. एकदा बांधला की बदल नाही. एकट्या लोहगडाचा ट्यूपल करायचा तर नावापुढे स्वल्पविराम हवाच. नुसत्या कंसानं भागत नाही!

खरी धमाल स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत. ‘लोणावळा’ची लांबी किती? आपण म्हणू चार, पायथन म्हणतं सात. काना, मात्रा त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हं. म्हणून पहिलं अक्षर मागितलं तर ‘लो’ नाही, नुसता ‘ल’ हाती येतो. शब्द उलटा केलात तर शेवटचा काना बिचारा सगळ्यांच्या पुढे लोंबकळतो.

आकड्यांची ओळ देणारा रेंज हा यातला कंजूष. एक ते दहा लाख आकडे सांगा, तो फक्त सुरुवात, शेवट आणि टप्पा लक्षात ठेवतो.

पायथन ३ मध्ये लिस्टचं नाव खुशाल ‘स्टेशनं’ ठेवा, देवनागरीत चालतं. अवतरणातल्या ‘१६’चा आकडाही ते करून देतं. पण कोडमध्ये थेट मराठी १६ लिहिलात की अडतं.

आणि परतीच्या लोकलसाठी यादी उलटी करताना एक सांभाळा. ‘परतीची = स्टेशनं’ एवढंच लिहिलंत तर ती नवी यादी होत नाही, जुनीलाच दुसरं नाव मिळतं; एक उलटवलीत की दोन्ही उलटतात. आधी कॉपी करा, मग गाडी वळवा.