तारीख ठरवा, गाणं आपोआप येतं

गाण्याचा महोत्सव म्हटलं की पुण्या-मुंबईचा भला मोठा मांडव डोळ्यांसमोर येतो. 'आपल्या जिंतुरात कुठलं जमायला!' म्हणून आपण विषय मिटवतो. पण पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव सुरू कसा झाला, ते बघा ना.

किराणा घराण्याचे सवाई गंधर्व १९५२ साली गेले. १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी आणि इतर मंडळींनी गुरूची पुण्यतिथी गाऊन साजरी करायला सुरुवात केली. शिष्या गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला गुरूकडे शिकायला जायच्या. त्याही इथे वर्षानुवर्षे गायल्या. एका पुण्यतिथीचा पुढे एवढा मोठा महोत्सव झाला, कारण ती दरवर्षी पाळली गेली.

पूर्वी तिथं रात्रभर मैफल चाले. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरवर बंधन आलं आणि वेळा बदलल्या. आपल्याला तर रात्र नकोच. घरच्या बाईला रात्री उशिरापर्यंत बाहेर कोण राहू देतं? तेव्हा दुपारी दोन ते पाच ही वेळ बरी.

मैत्रिणींनो, गल्लीतलं भजनी मंडळ आहे, देवळाचा सभामंडप आहे, पेटी-तबला आहे. एखाद्या गाणाऱ्या आजीची आठवण म्हणून तारीख धरा. वर्गणीचा हिशेब वहीत लिहा, सगळ्यांसमोर वाचा. पहिल्या वर्षी वीसच जणी आल्या तरी हिरमुसू नका. पहिल्या वर्षी होतो तो कार्यक्रम. त्याच तारखेला पुन्हा सतरंज्या अंथरल्या, की महोत्सव!