चष्मा घालवण्याआधी भरतीची अट वाचा

मुलगा भरतीची तयारी करतो, चष्म्याचा नंबर आडवा येतो आणि घरात विषय निघतो, लेसर करून टाकावे काय? आमचे पालकांना सांगणे आहे, पैसे जमवण्याआधी त्या नोकरीची अट वाचा.

रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट पदासाठी २०२४ साली निघालेल्या भरतीत लॅसिक केलेला उमेदवार अपात्र, असा स्पष्ट नियम होता. म्हणजे नोकरीसाठी चष्मा घालवायचा आणि त्यापायीच नोकरी गमवायची! प्रत्येक खात्याचा नियम वेगळा असतो. ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नये, मूळ जाहिरात स्वतः वाचावी.

या शस्त्रक्रियेत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा थोडा भाग लेसरने कायमचा काढून त्याचा आकार बदलतात. काढलेला भाग परत येत नाही. म्हणून वय १८ च्या पुढे हवे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. पडदा पातळ असेल तर डॉक्टरच नको म्हणतात. नंतर काही जणांचे डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागतो तो लागतोच.

नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर आरोग्य विमा सहसा हा खर्च देत नाही. तेव्हा कर्ज काढण्याआधी डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या. चष्म्याने काम भागत असेल, तर चष्मा लावण्यात कमीपणा कसला?