पिकअप गाडीचीं चाकें जुळत नसल्यास

शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं पिकअप गाडी बाळगणारे शेतकरी आतां गांवोगांव आहेत. भरलेली गाडी खड्ड्यांत जोरानें आदळली, म्हणजे पुढें ती एका बाजूस ओढूं लागते व टायराची एकच कड झिजते. मालक ती अलाइनमेंटच्या यंत्रावर नेतो. परंतु जुळणी बसत नाहीं, असें उत्तर मिळतें. अशा वेळीं दुसऱ्या दुकानीं जाऊन ती कशीबशी बसवून घेणें घातक आहे. खरा उपाय कोणता, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

जुळणींत मुख्यतः तीन कोन पाहतात. चाकाचा माथा आंत किंवा बाहेर कललेला असणें हा कँबर. चाक ज्या रेषेभोवतीं वळतें ती रेषा पुढें-मागें कललेली असणें हा कॅस्टर. आणि दोन चाकांचीं तोंडें एकमेकांकडे वळलेलीं अगर फांकलेलीं असणें हा टो. टायराचा व्यास ७०० मि.मी. असून टो ३ मि.मी. नें चुकला, तर दोन्ही चाकें मिळून दर किलोमीटरास सुमारें ४ मीटर आडवीं घासतात. टायर लवकर कां जातात, हें या हिशेबावरून ध्यानांत येईल.

यंत्र कोन मोजतें; वांकलेलें लोखंड सरळ करीत नाहीं. हद्दीचा दगडच सरकला असल्यास मोजणीची साखळी कितीहि काळजीनें टाकली तरी क्षेत्र बरोबर येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. म्हणून प्रथम पुढील तपासणी करावी.

(१) माल उतरवून गाडी सपाट जागीं उभी करावी व टायरांतील हवा सारखी करावी. मग पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. स्टिअरिंग सरळ असूनहि ठळक फरक निघाल्यास पुढील आर्म वांकला आहे, अथवा मागील ॲक्सल सरकला आहे, असें समजावें. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटल्यानें किंवा यू-बोल्ट ढिले झाल्यानें ॲक्सल सरकतो.

(२) गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. बॉल जॉइंटवरील भार उतरवून चाक वर-खालीं धरून हलवावें. खेळ आढळल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंग सैल आहे. डावी-उजवी कड धरून हलवितां खेळ आढळल्यास टाय रॉडचे सांधे पाहावेत. सैल बॉल जॉइंट निखळला, तर चाक कोलमडून भरलेली गाडी हाताबाहेर जाते. त्यांत केवळ मालाचा नव्हे, जिवाचाहि प्रश्न असतो.

(३) कित्येक गाड्यांत आर्मच्या बोल्टावरील विकेंद्र चकती फिरवून कँबर बसवितात. चिखलापाण्यानें हा बोल्ट बुशाच्या नळींत गंजून धरला, तर भाग वांकलेला नसतांहि जुळणी होत नाहीं. गंज सोडविणारें तेल घालून पाहावें. न सुटल्यास बोल्ट कापून बुशासह नवा घालावा. ज्योत लाविल्यास रबर जळतें.

दुरुस्तींतहि कांहीं नियम पाळावे लागतात. वांकलेला आर्म किंवा चाकाचें नकल तापवून ठोकून घेऊं नये. तापविल्यानें पोलादाचा कस जातो व पुढें तडा जाण्याचें भय राहतें. तो भाग बदलावा. रबरी बुशांचे बोल्ट, गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच अखेरचे कसावेत. चाक लोंबत असतांना कसल्यास रबर पिळलेलें राहून लवकर फाटतें. नवे यू-बोल्ट थोडी चाल झाल्यावर पुन्हां तपासावेत. हें सारें करूनहि कोन बसत नसतील, तर चासीचा सांगाडा किंवा आर्मचे ब्रॅकेट वांकले असल्याचा संशय घ्यावा व आडवीं-तिरपीं मापें घेऊं शकणाऱ्या कारखान्यांत गाडी न्यावी.

सर्व भाग बसल्यावरच जुळणी करून घ्यावी व दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आंकडे असलेला कागद मागून दप्तरीं ठेवावा. पुढें गाडी पुन्हां ओढूं लागल्यास कोणता कोन बदलला, हें त्यावरून तत्काळ कळतें.