गोठ्यातले गजकर्ण

वर्धा आणि जाम या नद्यांच्या काठचा नरखेड तालुका संत्र्यांसाठी विख्यात असला, तरी येथील कास्तकाराच्या संसाराचा दुसरा आधार त्याच्या गोठ्यात बांधलेला असतो; आणि पावसाळा लांबून गोठ्यातील जमीन ओली राहिली, जनावरे दाटीने बांधली गेली, की वासरांच्या डोळ्यांभोवती, कानांच्या मुळाशी आणि मानेवर केस गळालेले, जाड राखाडी खपल्यांचे गोल चट्टे उमटू लागतात. हेच गजकर्ण. गाईगुरांत ते बहुधा ट्रायकोफायटन व्हेरुकोसम या बुरशीमुळे होते. केस व कातडीचा बाह्य थर ज्या केराटिन द्रव्याने घडतो, त्यावर ही बुरशी निर्वाह करते.

धडधाकट वासरू दोन-चार महिन्यांत आपोआप बरे होते, म्हणून पुष्कळजण हा आजार मामुली समजतात. परंतु तेवढ्या अवधीत बुरशीचे बीजाणू दाव्याला, गव्हाणीला व खराऱ्याला चिकटतात, कोरड्या जागी वर्षानुवर्षे तग धरतात आणि वासराला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावरही उतरतात.

अशा वेळी प्रतिजैविकाची सुई टोचून घेण्याचा आग्रह व्यर्थ होय. सामान्य प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात. बुरशीची पेशी मात्र रचनेने प्राण्यांच्या पेशीला पुष्कळ जवळची असल्यामुळे, जनावराला इजा न करता बुरशी मारणारे औषध शोधणे शास्त्रज्ञांना दुष्कर ठरले. ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ साली पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीपासूनच वेगळे केले गेले. तथापि ते पोटात दिल्याने गजकर्ण बरे होते, हे ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनिपिगांवर दाखविले ते १९५८ साली, म्हणजे नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले त्याच वर्षी. हे औषध नव्याने वाढणाऱ्या केराटिनमध्ये साठते, म्हणून ते कित्येक आठवडे द्यावे लागते. पुढे आलेली क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल यांसारखी औषधे बुरशीच्या पेशीपटलाला आवश्यक असलेले एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत.

औषध आहे म्हणून ते सरसकट द्यावे, असे मात्र नाही. ग्रिसिओफुल्विनने गर्भाला अपाय होतो, हे मांजरांत सिद्ध झालेले आहे. आणि दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापराला अमेरिकेत मान्यता नाही. म्हणून गोठ्यात वरून लावण्याचाच इलाज प्रशस्त: खपल्या कोमट पाण्याने भिजवून हलकेच काढाव्यात, इतस्ततः न फेकता जाळाव्यात आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने आयोडीन किंवा बुरशीनाशक मलम लावावे. निदानाची शंका असेल, तर चट्ट्याच्या मधला भाग न घेता कडेचे केस व खपल्या तपासणीस द्याव्यात, कारण जिवंत बुरशी तेथेच वाढत असते. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने खाज शमते, पण त्याच्या आडोशाने बुरशी पसरते.

बुरशीचा उपद्रव कातडीपुरताच नसतो. दमट जागी साठविलेल्या सरकीच्या ढेपेत अॅस्परजिलस वाढली, तर तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला अपाय करते आणि दुधातही उतरते. त्यावर कोणतेही बुरशीनाशक औषध चालत नाही. बुरसलेली ढेप जनावरापुढे न टाकणे, हाच तेथे बंदोबस्त.

तेव्हा गोठा कोरडा व हवेशीर ठेवावा, बाधित वासराचे दावे व खरारा निराळा करावा, त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि घरात कोणाच्या अंगावर तसाच चट्टा दिसला, तर गुरांचे मलम त्यावर न फासता त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावे.