एकच दल सरोवर, सल्ले मात्र अनेक

अम्मींना एकदा काश्मीर दाखवायचे, असे आमच्या घरात दोन वर्षे नुसते चालले होते. शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही तिकिटांची चौकशी सुरू केली आणि २२ तारखेला पहलगामजवळच्या बैसरनची बातमी आली. २६ माणसे मारली गेली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह हाही त्यांतच गेला. त्यानंतर कित्येक दिवस घरात कुणी काश्मीरचे नाव काढले नाही.

ऑगस्टमध्ये अम्मींनीच विषय काढला. "गुडघे चालतात तोवर न्या, नंतर फोटो बघायचेच आहेत." दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरत होते. इंग्लंडमधले आमचे धाकटे दीरही त्याच सुमारास मुलांना घेऊन येणार होते. त्यांना आम्ही सोबत चला म्हटले, तर फोनवर ते चिडलेच. "भाभी, आमच्या सरकारने स्पष्ट लिहिलंय, तिकडे जाऊ नका. आणि तुम्ही अम्मींना घेऊन निघालात?"

इकडे शेजारचे एक कुटुंब नुकतेच श्रीनगर पाहून आले होते. ते म्हणत होते, काही नाही, खुशाल जा. दोघांचेही खरे कसे असेल? मग आम्ही कोणत्या सरकारने काय म्हटले आहे, ते एका रात्री वहीत शेजारी शेजारी लिहून काढले.

ब्रिटनचा सल्ला कडक आहे. जम्मू-काश्मीरमध्ये कुठेच जाऊ नका. श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम आणि जम्मू-श्रीनगर महामार्ग यांची नावे घेऊन मनाई. सूट फक्त विमानाने जम्मू शहरात जाण्याला, त्या शहरात फिरण्याला आणि लडाखला. अमेरिकेने १ ते ४ असे स्तर ठेवले आहेत. अख्ख्या भारताला त्यांनी २ वर ठेवले आहे, म्हणजे अधिक काळजी घ्या. जम्मू-काश्मीरला मात्र ४, म्हणजे जाऊच नका. लेह आणि पूर्व लडाख त्यातून वगळले आहेत. ऑस्ट्रेलियाही काश्मीरला जाऊ नका असेच सांगतो.

ही भीती हवेतून आलेली नाही. जुलै १९९५ मध्ये पहलगामच्याच डोंगरांतून सहा परदेशी पर्यटकांचे अपहरण झाले होते. एक निसटला, एकाचा शिरच्छेद झाला, उरलेल्या चौघांचा पत्ता आजवर लागला नाही. त्यांत ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन आणि नॉर्वेचे नागरिक होते. ज्या सरकारांची माणसे अशी गेली, ती हात राखूनच लिहिणार.

पण त्याच अमेरिकी सल्ल्यात माओवाद्यांच्या भागाबद्दल लिहिताना पूर्व महाराष्ट्राचेही नाव येते. ते वाचून आम्ही थबकलो. गडचिरोलीत आमच्या ओळखीचे शिक्षक रोज शाळेत जातात, त्यांच्या मुली सायकलवरून कॉलेजला जातात. दुरून पाहणाऱ्याला सगळा जिल्हा एकाच रंगाचा दिसतो. तिथे राहणाऱ्याला कोणता रस्ता केव्हा टाळायचा ते ठाऊक असते.

आपल्याकडे देशातल्या प्रवासासाठी असे कायमचे स्तर नाहीत. सूचना येते ती प्रसंग पाहून. २ ऑगस्ट २०१९ ला यात्रेकरू आणि पर्यटकांना काश्मीर सोडायला सांगितले गेले, ती सूचना १० ऑक्टोबरला मागे घेतली गेली. पहलगामनंतर प्रशासनाने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली आणि जूनपासून ती टप्प्याटप्प्याने उघडली. म्हणजे परदेशी सरकारे पूर्ण प्रदेशाबद्दल बोलतात आणि इथले प्रशासन एकेका जागेबद्दल. आम्हाला उपयोगी पडली ती ही दुसरी यादी. बैसरन त्या यादीत बंदच होते.

दीरांच्या रागामागचे कारणही तेव्हाच उमगले. ब्रिटिश सरकार नको म्हणते तिथे गेल्यास प्रवास विमा रद्द ठरू शकतो. तिथे मुलाचा पाय मोडला तरी सारा खर्च त्यांच्याच खिशातून. एकाच घरातली माणसे, एकच दल सरोवर. पण पासपोर्ट वेगळा, म्हणून धोकाही वेगळा. आम्ही त्यांना फोन करून म्हटले, "तुमचं बरोबर आहे, तुम्ही येऊ नका." त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

वही भरत असताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्याच ऑगस्टमध्ये किश्तवाडच्या चिसोटी गावात ढगफुटीने ६० हून अधिक आणि वैष्णोदेवीच्या वाटेवर दरड कोसळून ३० हून अधिक माणसे गेली. अतिरेक्यांची भीती आपण बातम्यांतून घेऊन निघतो, पाण्याची आणि दरडीची विसरतो. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे आणि जम्मू-श्रीनगर रस्त्याबद्दल वाहतूक पोलिसांची रोजची सूचना, या दोन गोष्टी कोणत्याही परदेशी स्तरापेक्षा आपल्या कामाच्या आहेत. लेहचा विचार करणाऱ्यांनी उंचीही पाहावी. ते शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस विश्रांतीचेच धरावेत. सल्ल्यात लडाखला सूट असली, तरी दम लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिथे सूट नाही.

उंट बांधल्याशिवाय तवक्कल नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही आमचा उंट असा बांधला: मुंबईहून थेट श्रीनगरचे विमान, महामार्ग टाळायचा. सहाऐवजी चार दिवस. श्रीनगर आणि गुलमर्ग एवढेच. गुलमर्गला गंडोलाचा वरचा टप्पा नाही. अंधार पडण्याआधी मुक्कामी परत. तिकिटे रद्द करता येतील अशी. आणि एक पोस्टपेड सिम, कारण बाहेरच्या राज्यातले प्रीपेड तिथे चालत नाही. दोन दिवस आधी सूचना पुन्हा वाचायच्या. काही बदलले तर पैसे गेले तरी जायचे नाही, हे अम्मींकडून आधीच कबूल करून घेतले.

काही बदलले नाही, आम्ही गेलो. तपासणी नाके बरेच होते, शिकारे बरेचसे रिकामे. शिकारेवाल्याने सांगितले, एप्रिलनंतर कितीतरी दिवस त्याने होडी सोडलीच नव्हती. हे ऐकून सल्ला चुकीचा ठरत नाही. पण त्याची किंमत कोण मोजतो, तेही समजून असावे.

दलच्या मधोमध दीरांचा व्हिडिओ कॉल आला. "अम्मी, ठीक आहात ना?"

"ठीक आहे," अम्मी म्हणाल्या, "पण थंडी फार आहे. सरकारने स्वेटरचं काही लिहिलं नव्हतं का?"