तळ्याकाठचा रँच

मुलांनो, 'रँच' म्हणजे काय, ठाऊक आहे? अमेरिकेत गुरे व घोडे पाळण्यासाठी राखलेली मोठमोठी कुरणे असतात. कुरण आणि त्यातील घरे, तबेले मिळून रँच होतो.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात जॅक्सन होल नावाची सुंदर दरी आहे. दरीतून स्नेक नदी वाहते. पश्चिमेला टेटॉन पर्वताची उंच शिखरे दिसतात. पूर्वी येथे शोशोनी आदिवासी उन्हाळ्यात शिकारीसाठी येत. पुढे गोरे शेतकरी येऊन राहिले. पण हिवाळा लांब आणि कडक. गुरांना कित्येक महिने साठवलेले गवत घालावे लागे. नुसत्या गुरांवर पोट भरणे कठीण झाले. तेव्हा काही रँचमालक पैसे घेऊन शहरी पाहुणे ठेवू लागले. पाहुणे घोड्यावरून रपेट करत, मासे पकडत, डोंगर चढत. फेल्प्स तळ्याकाठी १९०८ साली सुरू झालेला 'जे. वाय. रँच' हा या दरीतील असा पहिला रँच होता.

१९२६ साली जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) हे धनवान गृहस्थ कुटुंबासह येथे आले. दरी पाहून ते हरखून गेले. पण रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या पाट्या पाहून त्यांना वाईट वाटले. दरी राखण्यासाठी त्यांनी एका कंपनीमार्फत, स्वतःचे नाव गुप्त ठेवून, सुमारे ३५,००० एकर जमीन विकत घेतली. खरा खरेदीदार कोण, हे १९३० साली उघड होताच लोक संतापले. आपली चराऊ जमीन जाईल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. वाद कित्येक वर्षे चालला. अखेर रॉकफेलरांनी १९४९ साली ३२,००० एकरांहून अधिक जमीन देशाला दिली. १९५० साली ती ग्रँड टेटॉन राष्ट्रीय उद्यानात सामील झाली.

जे. वाय. रँच मात्र त्यांनी कुटुंबासाठी ठेवला होता. त्यांचे पुत्र लॉरन्स यांनी तोही देऊन टाकायचे ठरवले. देण्यापूर्वी तेथील घरे, रस्ते, विजेच्या तारा काढवल्या आणि जमिनीवर पुन्हा रानगवत वाढू दिले. २००८ पासून ही सुमारे १,१०० एकर जागा सर्वांसाठी खुली आहे. गर्दी होऊ नये म्हणून वाहनतळ मुद्दाम लहान ठेवला आहे. लोक पायवाटेने तळ्यापर्यंत जातात.

सुंदर जागा दौलतीने विकत घेता येते. पण तेथून स्वतःचे घर हलवायला मन मोठे लागते. सहलीहून परतताना तुम्ही तेथे मागे काय ठेवून येता?